तारबाबूंचा शब्द

पूर्णा जंक्शनवर रोज कितीतरी माणसं उतरायची आणि दुसरी गाडी धरून निघून जायची. तारबाबू निवारणचंद्र मात्र एकदा उतरले ते इथलेच झाले. माणूस बंगालचा. इथल्या ज्वारीच्या भाकरीशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि त्यांचं मराठी ऐकून हमालसुद्धा गालात हसायचे. पण मनाचा असा मऊ, की वाईट तार शिपायाच्या हाती कधी द्यायचे नाहीत. स्वतः घेऊन जायचे.

म्हणूनच त्या दिवशी ते दारात दिसले तेव्हा चन्नबसम्माच्या हातातलं सूप थांबलं. तिचा नवरा वीरुपाक्ष इंजिनावर फायरमन. लढाई पेटल्यावर रेल्वेच्या पलटणीत नाव घालून ब्रह्मदेशात गेलेला.

"मा," बाबू म्हणाले. बापाच्या वयाचा माणूस आपल्याला आई म्हणतोय, म्हणजे त्याने काही बरं आणलेलं नाही, हे तिला कळून चुकलं.

बाबूंच्या एका हातात तार होती आणि काखेत इंग्रजी-बंगालीचा जाडजूड कोश. तारेतल्या एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. मिसिंग. मग कोशाचं पान काढून पुढे धरलं, जणू तिला बंगाली वाचताच येत होतं.

"निखोंज. खोज लागला नाय. मेला, असा अर्थ कुठेच नाय लिहिला."

आणि त्यांनी त्या शब्दाचे सगळे उपयोग वाचून दाखवले. कळपातून भटकलेली गाय. पुस्तकातून निघून गेलेलं पान. तोंडातून पडलेला दात.

"पडलेला दात पुन्हा येतोय व्हय?" आतून सासूने, भागम्माने विचारलं.

बाबू गडबडले. "लहान मुलाचा येतो, आई." मग घाईघाईने म्हणाले, "मालगाडीचा डबा हरवतो, तवा आमी पण हाच शब्द तारेत घालतो. मागे एक डबा असाच गेला. हिंगोलीला सापडला, मालासकट!"

शेवटी एक उपयोग उरला होता. जवळचं माणूस जवळ नसलं की आत जे होतं, त्यासाठीही साहेब लोक याच कुळातला शब्द वापरतात. "आमच्यात बोलतात, मन केमन करे," बाबू हळूच म्हणाले. ते मात्र चन्नबसम्माला समजावून सांगावं लागलं नाही.

त्या एका शब्दावर तिने कपाळाचं कुंकू राखलं. तसं राखणं सोपं नव्हतं. लोकांना दुसऱ्याच्या कुंकवाची फार काळजी. वर्ष उलटलं तशा बायका हळदीला बोलावताना अडखळायला लागल्या. मठाचे स्वामीही एकदा दारात थांबून म्हणाले, "बाई, आता बिरादरी इचारायलीय."

"सामी, बाबूच्या पुस्तकात मेला म्हणून न्हाई लिवलं."

भागम्माला पुस्तकाची गरज नव्हती. तिच्याजवळ तिचा पुरावा होता. लिंगायताच्या लेकराच्या गळ्यात जन्मल्यावर लिंग बांधतात ते त्याच्याबरोबर मातीतच जातं. न्हातानासुद्धा उतरवायचं नाही. वीरुपाक्ष निघाला तेव्हा लिंगाच्या चांदीच्या डबीचा दोरा चन्नबसम्माने नवा वळला होता आणि गाठ म्हातारीने स्वतः मारली होती. "ते लिंग गळ्यात हाय तवर माजा लेक हाय," ती म्हणायची. "माजी गाठ अशी तशी सुटत न्हाई."

मग बंगालात दुष्काळ पडला. बाबूंच्या घरची पत्रं यायची थांबली. ते रजा काढून गेले आणि परत आले तेव्हा कोट खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. घर बंद होतं. बायको नाही, मुलगी नाही, आणि दोघी कुठे गेल्या हे सांगायला शेजारही उरला नव्हता.

"मेल्या का वं?" भागम्माने विचारलं. म्हातारीला आडपडदा ठाऊकच नव्हता.

"निखोंज," बाबू म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कोश आणला नव्हता.

तेव्हापासून ड्युटी संपली की ते ओसरीवर येऊन बसायचे. चन्नबसम्मा चहा ठेवायची. बोलणं फार व्हायचं नाही. कधी ते हिंगोलीच्या त्या डब्याची गोष्ट पुन्हा सांगायचे आणि ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची. आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी, हे तिला हळूहळू उमगलं होतं.

लढाई संपली आणि एका दुपारी पाथरीचा मुंजाजी दारात उभा राहिला. वीरुपाक्षच्याच पलटणीतला. चेहरा नुसता फुललेला.

"वैनी, पेढे आणा! वीरुपाक्षची निशाणी आणलीय." त्याने खिशातून चांदीची डबी काढली. दोरा मळला होता, पण तिचाच. "रानातून माघारी यायलो होतो. त्याला लय ताप. झाडाखाली बसला, हे गळ्यातून काढलं, माज्या हातात दिलं. म्हणला, घरी दे, तू हो म्होरं, मी येतो मागून. मागून दुसऱ्या पलटणी येत होत्या की! कुनी ना कुनी उचललंच असंल त्याला."

ओसरीवरचे बाबू उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मा! बोललो होतो ना? मिळणार!"

चन्नबसम्माने डबी हातात घेतली. मुंजाजी चांगला माणूस. आपण काय आणलंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"गाठ कुनी सोडली?" भागम्माने विचारलं.

"त्यानंच, मावशी. स्वताच्या हातानं."

म्हातारी भिंतीला धरत खाली बसली आणि मग तिने असा टाहो फोडला, की मुंजाजी दोन पावलं मागे सरला. चन्नबसम्माला रडू आलं नाही. झाडाखाली बसून तापात आपल्याच बोटांनी आईची गाठ सोडणारा तो तिला दिसत होता. येतो म्हणाला, पण येणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि हे तिला कळावं म्हणूनच त्याने डबी पाठवली होती.

"मा, का रडता? कागदात अजून मिसिंगच..." बाबू कळवळून म्हणत होते.

तिने हात वर नेला आणि कपाळ पुसलं.

बिरादरीच्या जागेत खड्डा खणला. रीतीप्रमाणे मांडी घालून बसवायला देह नव्हता, म्हणून त्याचा जुना कोट घडी करून ठेवला आणि वर डबी. स्वामींनी भस्म टाकलं, बेल वाहिला. माणसं माती लोटून पांगली. चन्नबसम्माजवळ एकटे बाबू उभे होते. मुठीत त्यांनीही माती घेतली होती, पण ती खाली पडत नव्हती.

"मा," ते म्हणाले, "माझ्या बायकोच्या, मुलीच्या नावाची पण यात... टाकू?"

चन्नबसम्माने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कुणी डबी आणून दिली नव्हती. कधी कुणी आणूनही देणार नव्हतं. तिने त्यांची मूठ दोन्ही हातांत धरली, बोटं उघडली आणि माती बाजूला झटकून टाकली.

"नगं, बाबू," ती म्हणाली. "माजा शब्द सरला. तुमचा ऱ्हाऊ द्या."

आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.