संत रोकेच्या दिवशीची मोजणी

या मंडळी, जरा पुढे सरका. आज देल्मिराची गोष्ट सांगतो, मन लावून ऐका.

मिनास प्रांताच्या उत्तरेकडच्या कोरड्या खोऱ्यात देल्मिरा रानोमाळ हिंडून बिया वेचायची. सेऊ आनीझियो, म्हणजे आनीझियोराव, या जमीनदाराच्या झिजलेल्या कुरणात तिने आणि गावच्या बायकांनी वाळूत कालवून त्या पेरल्या होत्या. आरोएरा, आंजिको, इपे, सगळी तिथलीच रानझाडं. रोपं विकत आणली असती तर खर्च कितीतरी पट झाला असता. इथलं स्वस्तातलं रान तगलं, तर झाडं लावायला पैसा देणारी कचेरी साऱ्या खोऱ्यात तेच करणार होती. नाही तगलं, तर कुंपणाचे आणि जमीनदाराला मिळणारे जमिनीचे पैसे बंद.

तिसऱ्या वर्षी कचेरीने विचारलं, "जगलेल्या झाडांची मोजणी फेब्रुवारीत की ऑगस्टात?"

"ऑगस्टात. संत रोकेच्या दिवशी," देल्मिरा म्हणाली. "पेरताना त्यालाच हाक मारली होती. मोजतानाही तोच उभा राहू दे."

बायका संताची मूर्ती खांद्यावर घेऊन गात गात आल्या. रानात एकाही झाडावर पान नव्हतं; तिकडे पाऊस ऑक्टोबरात येतो, ऑगस्ट म्हणजे ऐन कोरडा काळ, झाडं पानं गाळून उभी असतात. देल्मिराने जन्मभर ऑगस्टातलं रान उघडंच पाहिलेलं. म्हणूनच मोजणारे त्याला मेलेलं समजतील, हे तारीख सांगताना तिच्या ध्यानात आलं नाही.

"दोना देल्मिरा, ही मेलीत सगळी," कचेरीतून मोजणीला आलेली रायसा आदराने म्हणाली.

"मेली? अगं पोरी, झोपलीत!" देल्मिराने नखाने साल खरवडली. "बघ, आत हिरवं आहे."

"नियमात पान मोजायचं लिहिलंय. मी काय हजारो काड्या खरवडत बसू?"

"मी खरवडते. तू नुसतं लिही."

आणि ती खरंच बसली. दिवस कलेपर्यंत दोनशे अकरा झाडं खरवडून झाली, बोटं रक्ताळली. रायसाने डोळे पुसले, पण कागदावर पानांचाच आकडा घातला.

"निलगिरी लाव म्हणत होतो," सेऊ आनीझियो म्हणाला. "बारा महिने हिरवी! तुझा संत पानं बघत नसेल, कचेरी बघते."

"दोन महिने थांबा, सेऊ आनीझियो. पाया पडते."

"कुरण गुरं चारायला भाड्याने दिलं, दोना. माझ्याही घरी चूल पेटायची आहे."

ऑक्टोबरात काडीकाडीला पालवी फुटली. देल्मिरा कुंपणापाशी उभी होती, आणि आत गुरं ती कोवळी पालवी ओरबाडत होती. कचेरीने तोवर साऱ्या खोऱ्यापुढे 'बियांचं रान तगत नाही' असा शेरा मारला होता.

संतावर ती रागावली असती तरी बरं झालं असतं. "तारीख मीच सांगितली," एवढंच पुटपुटत राहिली, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

मंडळी, हात जोडून बसाल तेव्हा देल्मिराचं नाव एकदा घ्या.