निपाणीपर्यंत येझदी

माझी मोटरसायकल बटण दाबलं की सुरू होते, त्यामुळं गाड्यांच्या शौकिनांत मला फारसा मान नाही. तरी शिवाजी पेठेतल्या दिलदारच्या गॅरेजवर संध्याकाळी माझी हजेरी असते. चष्मा आणि इस्त्रीचा शर्ट असला की तिथं माणसाला 'सर' म्हणतात, आणि एकदा सर झालं की भांडणं मिटवायला बसवतात. भांडणं म्हणजे टाकीवरचा मरून रंग हा खरा मरून आहे की नुसताच मरून, या पातळीची. मी दोन्ही बाजू ऐकून घेतो आणि चहा सांगतो. आजवर एकही भांडण मिटलेलं नाही, पण चहा चांगला असतो.

शशिधर माझा शेजारी. भांड्यांचं दुकान आहे, पण ते धाकटा भाऊ बघतो. शशिधर येझदी बघतो. ही जुनी येझदी मोटरसायकल त्याला गडहिंग्लजकडं एका पोल्ट्रीच्या शेडमध्ये मिळाली. सीटवर कोंबड्या बसत होत्या आणि, शशिधरच्या सांगण्याप्रमाणं, आदरानं बसत होत्या. पुढं इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, दोन्ही सायलेन्सरांना नव्यानं क्रोम चढवलं. क्लचचं कव्हर कुठं मिळेना, तेव्हा शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या मित्रानं ट्रॅक्टरच्या ऑर्डरीतून वेळ काढून एक ओतून दिलं. कार्बोरेटर चिंचेच्या पाण्यात उकळला. तो आमटीच्या पातेल्यात उकळला, ही गोष्ट पवित्रावहिनींना आमटीवरून कळली.

वहिनी म्हणजे शशिधरची बायको. माहेर निपाणीचं. त्यांनी पातेलं सहन केलं, पाहुण्यांच्या खोलीत महिनाभर पाहुण्यासारखं राहिलेलं इंजिनही सहन केलं. पण पाडव्याच्या दुपारी येझदी दसरा चौकात बंद पडली. पेठा जेवून झोपलेल्या, रस्त्यावर माणूस नाही. इरकल नेसलेल्या वहिनींनी ती बिंदू चौकापर्यंत ढकलत आणली. शशिधर वर बसला होता. हँडल धरायला कुणीतरी लागतं, असं त्याचं म्हणणं. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यानं ते परत कधी म्हणायला नको होतं. तो दर आठवड्याला म्हणायचा.

शेवटी वहिनी गॅरेजवर आल्या. एरवी त्या गॅरेजवर येत नाहीत, त्यामुळं सगळे उठून उभे राहिले.

"आमच्या भावाची, रुद्रेशची वास्तुशांत हाय रविवारी. निपाणीला ह्याच गाडीवरनं जायचं," त्या शशिधरला म्हणाल्या. "वाटंत मला परत ढकलायला लागली, तर ही सयाजीरावांची. सगळ्यांसमोर सांगालेय."

सयाजीराव तिथंच बसले होते. कसबा बावड्याला त्यांनी नवीन हॉटेल काढलं आहे आणि त्याच्या दारात त्यांना एक जुनी मोटरसायकल उभी करायची आहे. आत कारंजं, बाहेर येझदी, तिच्याभोवती दिव्यांच्या माळा, आणि लोक फोटो काढणार.

"इंजिन न्हाई लागत आमाला, वैनी," ते मोठ्या मनानं म्हणाले. "पायजे तर काढून ठिवा."

माणसाच्या तोंडावर त्याच्या मुलीला कुणी 'बोलली नाही तरी चालेल, नुसती उभी राहू दे' म्हणावं, तसा शशिधर बसून राहिला.

पंच म्हणून मला नेमण्यात आलं. "सर, तुम्ही आपल्या गाडीवरनं मागनं या," वहिनी म्हणाल्या. "तुमची काय बंद पडत न्हाई." हे कौतुक नव्हतं.

इथं येझदीच्या जेवणाबद्दल थोडं सांगावं लागेल. या गाडीच्या पेट्रोलमध्ये इंजिनाचं तेल आपल्या हातानं मिसळावं लागतं. त्यासाठी टाकीच्या झाकणाखालीच एक वाटी असते. तेल कमी पडलं तर इंजिन जाम होतं, जास्त पडलं तर नुसता धूर होतो. त्यामुळं जुने शौकीन तेलाच्या बाबतीत हात सैल ठेवतात. घरच्या म्हशीचं तूप वाढावं तसं वाढतात.

रविवारी सकाळी गाडी पहिल्या किकला सुरू झाली. वहिनींनी तिला हळदकुंकू लावलं होतं. दिलदार मुद्दाम दुकान उघडण्याआधी आला होता. गाडीनं एवढा धूर सोडला की समोरच्या तालमीतून दोघे पैलवान लंगोटावरच बाहेर आले.

"गार हाय इंजिन," दिलदार म्हणाला. "तापलं की जाईल."

कोपऱ्यावर सयाजीरावांचा छोटा हत्ती टेम्पो उभा होता. मागच्या हौद्यात लांब फळी आणि दोर.

"तुम्ही कुठं?" मी विचारलं.

"निपाणीला. तंबाखू आणायला."

"तुम्ही तर खात नाही."

"पावणं खात्यात की!"

अशी आमची मिरवणूक निघाली. पुढं येझदी, वहिनींच्या मांडीवर भावाला द्यायच्या समईचा खोका, त्यामागं मी, माझ्यामागं सयाजीराव. गोकुळ शिरगावच्या पुढं गेलो तरी धूर कमी होईना. मी नाकाला रुमाल बांधला. सयाजीरावांनी वायपर लावले. पण आवाज छान होता. दोन्ही सायलेन्सर एकमेकांना दाद देत होते. शशिधरची मान ताठ होती, आणि वहिनींचा पदर वाऱ्यावर होता. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून हात बाहेर काढून सलाम केला, तेव्हा शशिधरच्या आधी वहिनींनी हात केला. पंच म्हणून ही नोंद मी मनात केली.

कागल ओलांडलं आणि येझदी खोकली. मग आणखी खोकली. मग एका रसवंतीसमोर येऊन गप्प उभी राहिली.

आमच्या भागात बंद पडलेल्या मोटरसायकलीजवळून कुणी तसाच पुढं जात नाही. ते असभ्य समजलं जातं. बघता बघता रसवाला, कॅन लावलेला दूधवाला आणि लग्नाला निघालेले तिघे जमले.

"पावणं, काय झालं?"

"पॉइंट गेला असंल."

"पॉइंट न्हाई, कचरा आलाय कार्बोरेटरला. आवाजावरनं सांगतो की."

"आवाज कुठाय आता?"

"बंद व्हायच्या आधीचा म्हणालोय मी!"

सयाजीराव हौद्यातली फळी उतरवून ती हातात धरून गाडीच्या मागच्या चाकाजवळ उभे राहिले. शशिधरनं ती पाहिली. त्यानं घाईघाईनं प्लग काढला. प्लग काळा, ओलाचिंब, तेल टपकतंय. त्यानं दिलदारला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"दिलदार, प्लग तेलात पोहालाय. तेल किती घातलंस?"

"काल पेट्रोल टाकतानाच घातलं की, अण्णा. बरोबर मापानं."

शशिधरनं फोन तोंडाजवळ धरला. "मी पण घातलं सकाळी. म्हटलं, तू विसरला असशील."

"मी विसरीन? अण्णा, एक दिवस जेवायचं विसरीन!" फोन तापला. मग जरा विचार करून दिलदार म्हणाला, "पण तेवढ्यानं प्लग असा भिजायचा न्हाई. आणखी कुणीतरी घातलंय."

सगळ्यांनी आधी सयाजीरावांकडं पाहिलं. त्यांचा हेतू उघड होता आणि फळी हातात होती.

"आईशप्पत, मी हात लावला न्हाई!" सयाजीराव म्हणाले. "मला इंजिनच नगंय, तर मी तेल कशाला घालू?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. तेवढ्यात वहिनी समईचा खोका या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघालाय?"

कुणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं. मग मात्र सगळे बघू लागले.

"घातलं मी," वहिनी म्हणाल्या. "हे अंघोळीला गेल्तं तवा. वाटी भरून, काठोकाठ. माझ्या माहेरला निघालेली गाडी, तेलावाचून अडायला नको म्हटलं."

शशिधर त्यांच्याकडं बघत राहिला. जुन्या बाजारात त्याला एकदा कंपनीचा मूळ हेडलाइट, काचेसकट, सापडला होता, तेव्हा तो असा बघत होता.

"म्हंजे ती पोचावी असं वाटत होतं तुला?"

"मग काय, ढकलायची हौस हाय मला?"

रसवाल्यानं पॉलिश पेपरचा तुकडा आणून दिला. प्लग घासला, पुसला, रसवाल्याच्या लायटरवर तापवला, परत बसवला. शशिधरनं किक मारल्या. दमला की थांबायचा, परत मारायचा. शेवटी त्याचा पाय वर जाईना.

"आता धक्काच मारा," दूधवाला म्हणाला. "सेकंडात टाका आणि सोडा क्लच."

हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कुणी म्हणालं नव्हतं. शशिधर हँडल धरून खाली बघत उभा राहिला. वहिनींना तो विचारणार नव्हता. त्याला एवढं कळत होतं, आणि इतक्या वर्षांत कळलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक असावी.

वहिनींनी खोका माझ्या हातात दिला.

"सयाजीराव, ती फळी ठेवा बाजूला. या, हात लावा."

"मी?"

"मग काय, मी ढकलू?"

सयाजीराव ही गाडी न्यायला आले होते. ती चालू झाली नाही तर संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या हॉटेलच्या दारात उभी राहणार होती. त्यांना फक्त नाही म्हणायचं होतं. पण बंद गाडीला धक्का द्यायला नाही म्हणणारा कोल्हापूरकर मी तरी पाहिलेला नाही. सयाजीरावांनी फळी टाकली, बाह्या सरसावल्या आणि सीटला खांदाच लावला. दूधवाल्यानं दुसरी बाजू धरली.

"हं, सोडा आता! सोडा की क्लच!"

येझदीनं एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि फाडकन पेटली. सयाजीराव धुरात दिसेनासे झाले. आतून नुसता आवाज आला, "चालू झाली! नाद खुळा! चालू झाली, वैनी!"

ते धुरातून बाहेर आले तेव्हा हसत होते. आपण काय केलं हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. लक्षात आल्यावर त्यांनी सगळ्यांना रस पाजला.

पुढच्या पंपावर टाकी साध्या पेट्रोलनं काठोकाठ भरली, म्हणजे आतलं तेल पातळ व्हावं. भरून झाल्याबरोबर शशिधरचा हात सवयीनं डिकीतल्या तेलाच्या डब्याकडं गेला. वहिनींनी डबा काढून घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"हितनं पुढं तेल मी घालणार. मी एकटी. दिलदारला सांगा, आणि तुम्ही पण हात लावायचा न्हाई."

"म्हंजे गाडी…" शशिधरनं जपून विचारलं.

"घरात गाडीच नसली तर तेल कशात घालू? बसा."

निपाणीला पोचलो तेव्हा आरती व्हायची होती. पंचाला कुणी निकाल विचारला नाही. वहिनींच्या आई, गंगव्वा, 'प्रवास कसा झाला' म्हणाल्या, तर वहिनी 'छान झाला' म्हणून मोकळ्या झाल्या. पंगतीत सयाजीरावही होते. तंबाखूचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांच्या शेजारी वहिनींचे वडील, बसलिंगाप्पा. दोघांचं लगेच जमलं. मागच्या गोदामात पोत्यांखाली आपली जुनी स्कूटर पडून आहे, असं बसलिंगाप्पा सांगत होते. सयाजीरावांचा घास हातातच राहिला.

"दारात उभी करायला झ्याक दिसंल," ते म्हणाले. "इंजिन नसलं तरी चालंल."

"आप्पा, ती द्यायची न्हाई," वाढता वाढता वहिनी म्हणाल्या. "आदी इंजिन फिरतंय का बघूया. दिलदारला बोलवून घेते मी."

शशिधरनं ताट पुढं करून आणखी एक पुरणाची होळगी वाढून घेतली आणि तिच्यावर तूप मागितलं.