कानबाईचा लेक

त्या शहरात सगळं वेळच्या वेळी व्हायचं, त्यामुळे लोकांना तक्रारी शोधून काढाव्या लागत. नळाचं पाणी थंडीत कोमट यायचं आणि उन्हाळ्यात गार. रस्त्यावरचा एखादा दिवा लागला नाही तर दिवेखात्याचा माणूस शिडी खांद्यावर टाकून हजर व्हायचा आणि वर माफी मागायचा. नगरसभेत भांडणं व्हायची ती कारंजं आधी कुठल्या चौकात बसवायचं यावरून. खाऊनपिऊन सुखी माणसं. या सुखाचं कारण विचारलं तर कोणी व्यापाराचं नाव घेई, कोणी नदीचं. खरं कारण होतं वेसखातं, पण ते तोंडानं म्हणायला कोणी धजत नसे.

वेसखात्याचं काम एकच होतं. शहरात फक्त जिवंत माणसाला येऊ द्यायचं.

लांबच्या वाटांवर माणसं मरतात. कोणी घाटात, कोणी पाण्यात, कोणी तापानं. त्यातल्या काहींना आपण मेलो हे कळतच नाही. ती उठतात, कपडे झटकतात आणि घरी यायला बघतात. वाईट नसतात बिचारी. हसतात, बोलतात, समोर ठेवलेलं जेवतात. फक्त ज्या घरात ती राहतात तिथलं वाढणं थांबतं. दूध विरजत नाही, बी रुजत नाही आणि हळूहळू घरातली धडधाकट माणसंही त्यांच्यासारखीच होऊन जातात. दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. डोंगरापलीकडचं एक अख्खं गाव असं गेलं. घरं अजून उभी आहेत, अंगणं झाडलेली असतात, पण तिथं कित्येक वर्षांत पाळणा हललेला नाही.

म्हणून वेशीच्या कमानीत घंटा होती. जिवंत माणूस खालून गेला की ती आपणहून एकदा वाजायची. ज्याच्यासाठी वाजली नाही तो बिनघंट्या. तिचा आवाज इतका बारीक होता की कमानीतल्या काचेच्या खोलीत बसलेल्या कानबाईलाच तो ऐकू यायचा. तिनं ‘वाजली’ म्हणायचं, मग खाली अडसरवाल्यानं अडसर उचलायचा. म्हणजे अडसर घंटेवर नाही, बाईच्या शब्दावर उठायचा. एवढ्या मोठ्या शहराचा जीव एका बाईच्या जिभेवर ठेवलेला बघून बाहेरचे व्यापारी हसत. पण आजवर कुठली कानबाई खोटं बोलली नव्हती. निदान सगळे तसं धरून चालले होते.

पूर्वेच्या वेशीवरची कानबाई पन्नाशी उलटलेली, जिभेची तिखट आणि कानाची त्याहून तिखट. मागच्या खोलीत बसून तिला चुलीवरचं दूध वर येताना ऐकू यायचं. नवरा तरुणपणीच गेला. एकुलता एक लेक काचसामानाच्या गाड्या घेऊन दूरच्या बाजारांना जायचा. सून बाळंतपणात गेली, तेव्हापासून नात आजीकडेच. तिला सगळे टिल्ली म्हणत. टिल्ली एवढीशी होती, पण वाद घालायला बसली की मोठ्या माणसाला घाम फोडायची.

यंदा लेकाला यायला महिनाभर उशीर झाला. वाटेत अडकलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हे त्या शहरात पोरांनाही ठाऊक होतं. जिवंत माणूस आपल्या पायांनी येतो. बिनघंट्याला मात्र कोणी बोलावल्याशिवाय वाट सापडत नाही. ही शिस्त कानबाईनं आजवर कितीतरी बायकांना शिकवली होती, कधी समजावून, कधी दरडावून. आणि एका संध्याकाळी गच्चीवरचे कपडे काढताना लेकाचा जुना सदरा हातात आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “ये रे बाळा आता.” लगेच तिनं जीभ चावली. एवढ्यानं काय होतंय, असं स्वतःला बजावून ती खाली उतरली.

चारच दिवसांनी, भर दुपारच्या गर्दीत, रांगेत तिला त्याची उंच मान दिसली. दाढी वाढलेली, अंगरख्याची बाही फाटलेली, पण तोच. कानबाईचं काळीज सुपाएवढं झालं. पुढच्या दोघांसाठी घंटा वाजली, तिनं दोनदा ‘वाजली’ म्हटलं. मग तो कमानीखाली आला. वर बघून त्यानं तिला डोळा मारला, लहानपणी मारायचा तसाच.

घंटा वाजली नाही.

कानबाईनं कान टवकारले. गर्दीच्या गलक्यात ऐकू आलं नसेल, असं मनाला सांगून बघितलं. पण तिला मागच्या रांगेतल्या बाईच्या बांगडीचा आवाज ऐकू येत होता, मग घंटेचा कसा येणार नाही? नियम साधा होता. हात वर करायचा, आतलं दार बंद व्हायचं. मग खात्याची माणसं येऊन बिनघंट्याला अदबीनं उत्तरेच्या वाटेवर नेऊन सोडायची, एक कंदील आणि थोडी भाकर देऊन. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. फक्त त्या वाटेनं गेलेलं माणूस पुन्हा कोणाला दिसलेलं नव्हतं. तिचा हात मांडीवरच राहिला आणि तोंड म्हणालं, “वाजली.”

अडसर उठला. अडसरवाल्यानं लेकाच्या पाठीवर थाप मारली आणि गाड्या नीट आत घे म्हणून सांगितलं.

संध्याकाळी ती घरी गेली. लेक ओसरीवर बसून टिल्लीला खांद्यावर घेऊन डोलवत होता आणि टिल्ली त्याचे केस लगाम धरावा तसे ओढत होती. कानबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितलं. जिवंत माणसासारखं ऊबदार होतं. जेवायला बसल्यावर त्यानं उशिराची हकिकत सांगितली. नदी ओलांडताना एक गाडी कलंडली, तो खाली सापडला. बराच वेळ पाण्यात होता म्हणे. मग उठून बसला, तर सगळं कसं शांत शांत झालेलं. पुढं कुठं जायचं तेच सुचेना. कित्येक दिवस नदीकाठीच बसून होता, आणि एका संध्याकाळी एकदम घरची वाट आठवली. तो हे हसत हसत सांगत होता. कुठल्या संध्याकाळी, हे तिनं विचारलं नाही.

सकाळी दूध विरजलेलं नव्हतं. विरजण जुनं झालं असेल म्हणून तिनं शेजारणीकडून नवं आणलं. ते देताना शेजारीण म्हणाली, हल्ली आमच्याकडेही धड लागत नाही, हवाच तशी आहे. पुढच्या सकाळीही पातेल्यात पांढरं पाणीच. त्यानंतर कानबाईनं विरजायचं सोडून दिलं आणि टिल्लीला सांगितलं की दही खाऊन खोकला होतो. टिल्लीनं यावर बराच वाद घातला.

आता तिला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. लेक मागून आला की मानेवरचे केस उभे राहायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण तो पाण्याचा हंडा उचलून द्यायला आलेला असायचा. तो पूर्वीपेक्षाही गुणी झाला होता. चिडत नव्हता, दमत नव्हता, पोरीला घटकाभर दूर करत नव्हता. खात्यात जाऊन सांगितलं तर तो कायमचा जाणार होता. नाही सांगितलं तर टिल्लीचं काय होईल हे तिला पक्कं माहीत होतं. रोज ती उद्यावर ढकलत होती.

एके दिवशी टिल्लीला आंघोळ घालताना तिनं नखं कापायची म्हणून पोरीचा हात हातात घेतला. नखं वाढलेलीच नव्हती. कधी कापली होती ते आठवून बघितलं, तर लेक यायच्या आधी. तिनं कात्री मिटून फळीवर ठेवून दिली.

त्याच आठवड्यात शाळेची मुलं नदीकाठी सहलीला गेली आणि दुपारी तिच्याच वेशीतून परत आली. कमानीखालून एकेक मूल पळत जात होतं, घंटा वाजत होती, ती ‘वाजली, वाजली’ म्हणत होती. टिल्ली आली. घंटा वाजली, पण कोणीतरी तिच्याभोवती फडकं गुंडाळावं तशी, जेमतेम. आजी दिसली म्हणून टिल्लीनं जीभ काढून दाखवली. कानबाईनं कामाची पाळी संपायची वाट बघितली नाही. बदलीच्या बाईला खोलीत बसवलं आणि तडक नगरसभेची इमारत गाठली.

इमारत नेहमीसारखीच लखलखीत होती. तळमजल्यावर जन्माची नोंद करायची खिडकी बंद होती आणि तिच्या पुढ्यात कोणीतरी हौसेनं फुलझाडाची कुंडी ठेवली होती. कारकून रजेवर असेल असं वाटून ती जिना चढली आणि मधल्या पायरीवर थबकली. ही खिडकी मागच्या वेळीही बंद होती, त्याच्या मागच्या वेळीही. आणि कुंडीतल्या झाडाला पानं होती ती तेवढीच होती.

वेसखात्याच्या मुख्य, ज्यांना सगळ्या कानबाया मोठ्या बाई म्हणत, खिडकीपाशी बसल्या होत्या. कानबाईनं आयुष्यभर ज्यांच्या धाकात काम केलं त्या याच. तिनं दार लावलं आणि तोंड उघडलं, तोच मोठ्या बाईंनी हातानं थांबवलं.

“लेक की भाऊ?” त्यांनी विचारलं.

 लेक, असं ती कसंबसं म्हणाली.

“माझी बहीण आली,” मोठ्या बाई म्हणाल्या. “दक्षिणेच्या वेशीवरच्या बाईचा नवरा. पश्चिमेच्या वेशीवर तर दोन्ही पाळ्यांच्या बायांची माणसं. तू सगळ्यांत उशिरा आलीस. मला वाटायचं, एक तरी वेस शाबूत आहे.”

मग त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं, आणि तो शांतपणाच कानबाईला जास्त घाबरवत होता. पहिल्यांदा कळलं तेव्हा पश्चिमेच्या एका बाईला काढून टाकायचं ठरलं होतं. पण तोवर मोठ्या बाईंची स्वतःची बहीण घरी येऊन बसली होती. मग कोणी कोणाला काढायचं? आणि कानबायांचीच माणसं आली असंही नव्हतं. एकदा स्वतःच्या माणसासाठी ‘वाजली’ म्हटलं की दुसऱ्याच्या रडणाऱ्या आईला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? नगरसभेला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. पाणी वेळेवर येत होतं, दिवे लागत होते. उलट कामं पूर्वीपेक्षा चोख व्हायला लागली होती, कारण बिनघंटे दमत नाहीत.

कानबाईनं नातीची नखं सांगितली, फडक्यातला आवाज सांगितला. मोठ्या बाईंचा चेहरा पहिल्यांदाच हलला.

“वाजली ना पण? मग ने तिला. आजच ने. बाहेर लांब राहिली तर वाढेल अजून,” त्या म्हणाल्या. “त्याला नेऊ नकोस. आणि तुला माहीतच आहे, कोणी बोलावल्याशिवाय त्याला वाट सापडणार नाही.”

कानबाई घरी आली आणि बोचकं बांधायला लागली. नदीच्या वरच्या अंगाला तिची बहीण राहायची, तिच्याकडे चार दिवस जाऊन येते म्हणाली. लेकानं हसून बोचकं उचललं, पोरीला कडेवर घेतलं आणि वेशीपर्यंत पोचवायला निघाला. तिला नको म्हणता आलं नाही. रस्त्यात ओळखीची माणसं हात करत होती आणि प्रत्येकाकडे बघताना तिच्या मनात एकच येत होतं, हा तसा की हा तसा. नवं कारंजं सुरू झालं होतं. त्याच्याभोवती माणसं शिस्तीत उभी होती, कोणी कोणाला ढकलत नव्हतं.

बाहेर जायच्या दारापाशी आल्यावर लेक म्हणाला, मीही येतो की चार दिवस, इथं काय काम आहे. टिल्लीनं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि बाबा आला तरच मी जाणार म्हणून सांगून टाकलं.

कानबाईनं पोरीला घ्यायला हात पुढं केले. लेकानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचं खोटं त्याला लहानपणापासून ओळखू यायचं.

“आई,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी आलो त्या दिवशी वाजली होती ना?”

आजवर तिनं हा शब्द लाखो वेळा उच्चारला असेल. आता एकदाच आणखी म्हटला असता तर तो पोरीला घेऊन तिच्याबरोबर चालत निघाला असता, आणि तिघं मिळून बहिणीच्या घरी गेली असती, आणि तिथलंही दूध विरजायचं थांबलं असतं.

“नाही रे बाळा,” ती म्हणाली. “नव्हती वाजली. मीच तुला बोलावलं होतं. माझं चुकलं.”

तो रागावला नाही. त्याला रागावताच येत नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यांत असह्य झालं. त्यानं टिल्लीचे हात एकेक करून आपल्या गळ्यातून सोडवले, तिला आजीच्या कडेवर दिलं, बोचकं आजीच्या दुसऱ्या खांद्याला अडकवलं. फाटलेल्या बाहीनं पोरीचं नाक पुसलं. मग तो दोन पावलं मागं सरकला आणि दाराच्या आत, उन्हाच्या रेघेपाशी उभा राहिला.

कानबाई वळली आणि चालायला लागली. रस्ता सरळ होता आणि मोकळा होता. पोरगी जड झाली होती, धाप लागत होती, तरी ती थांबली नाही. मागं बघायची तिची छाती नव्हती. तेवढ्यात टिल्लीला काय चाललंय ते उमगलं. ती आजीच्या खांद्यावरून वेशीकडे वळली, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारायला तोंड उघडलं. “बा…” एवढंच बाहेर पडलं, आणि आजीनं तिच्या तोंडावर हात दाबला.

टिल्ली लाथा झाडत होती, नाकानं फुसफुसत होती, डोळ्यांतून पाणी काढत होती. मग तिनं आजीच्या तळव्याचा कडकडून चावा घेतला. कानबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, बोटांमधून रक्त आलं. तिनं हात काढला नाही. वळण येऊन वेस दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच चालत राहिली.