गप्प होणारी घंटा

बाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि पडद्यावरच्या एकमेव ओळीखाली बोट धरलं.

"100" > "90"

"यंत्र काय म्हणेल? खरं की खोटं?"

समोरच्या वायरमनने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

"खरं. शंभर नव्वदपेक्षा मोठेच की, मॅडम."

बाईंनी कागदावर बारीकशी फुली मारली. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेच्या पहिल्या वर्गाची तोंडी परीक्षा चालू होती. वर्गात सगळी कामाची माणसं, कारखान्यांत नाहीतर गोदामांत राबून संध्याकाळी शिकायला येणारी. लेखी पेपर घोकून सुटतो, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून त्या एकेकाला आत बोलवत आणि चार-दोन ओळी दाखवून विचारत, हे काय करतं ते तुमच्या शब्दांत सांगा. तिथे भले भले गडबडत.

"आकड्यांभोवती काय दिसतंय?"

"अवतरणचिन्हं." वायरमनने जीभ चावली. "अरे हो. म्हणजे ती अक्षरं झाली."

"अक्षरं झाली. मग शब्दकोशात शब्द लावावेत तसं यंत्र पहिलं अक्षर पहिल्याशी ताडून बघतं. एक आधी, नऊ नंतर. तिथेच निकाल लागला. पुढे किती शून्यं आहेत ते बघायलाही जात नाही. त्याच्या लेखी शंभर लहान."

"गेला एक मार्क," तो मनमोकळा हसला. वर्गात कुणाचं काही अडलं की हाच मदतीला धावायचा, त्यामुळे बाईंचाही त्याच्यावर जीव होता. "पण मॅडम, माझा प्रोग्राम बघाच तुम्ही. परीक्षेपुरता नाही, खरोखर चालतोय. आमच्या लाँड्रीत."

"काय करतो?"

तो खुर्चीत पुढे सरकला. लाँड्री मोठी होती, गावातल्या सगळ्या दवाखान्यांच्या चादरी तिथे धुतल्या जात. तळघरात गॅसवरचा बॉयलर आणि त्याला लागूनच इस्त्रीचं दालन. बॉयलर नीट जळला नाही की एक विषारी वायू सुटतो, त्याला ना वास ना रंग. तो मोजणारं मीटर भिंतीवर होतं, पण त्याच्या घंटेचा डबा जळाला. मालक नवा मागवत होते. हाच म्हणाला, कशाला, मी शिकतोय ना.

"सोपं आहे. मीटरचा आकडा घ्यायचा, नव्वदच्या वर गेला की घंटा."

"आणि हे नव्वद कुठून येतात?"

"पडद्यावर चौकट ठेवलीय. बॉयलरवाले काका त्यात टाइप करतात."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. "चौकटीत टाइप केलेलं काय म्हणून येतं?"

त्याची नजर पडद्यावरच्या अवतरणचिन्हांकडे गेली.

"मीटरचा आकडा कसा येतो?"

"तसाच. मजकूर म्हणून. पण घंटा वाजते, मॅडम! मी स्वतः पंच्याण्णव टाकून बघितलेत, ठणाणा वाजली. जुनीपेक्षा शहाणी आहे उलट. जुनी एकदा सुरू झाली की कुणी जाऊन बंद करेपर्यंत डोकं उठवायची. ही थोडा वेळ वाजते आणि आपली आपण गप्प होते. आज मी निघालो तेव्हासुद्धा वाजली. इस्त्रीच्या बायका उठून दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात थांबली. लागल्या परत कामाला."

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, भराभर आकडे घातले आणि पडदा पुन्हा त्याच्याकडे फिरवला. ब्याण्णव, खरं. नव्याण्णव, खरं. शंभर, खोटं. दीडशे, खोटं. चारशे, खोटं.

वायरमन बघत राहिला. त्याच्या ओठांभोवतीचं हसू जागच्या जागी थिजलं.

"म्हणजे ती थांबली, ती वायू कमी झाला म्हणून नाही..."

"फोन लावा."

त्याने थोरल्या बहिणीला लावला. ती तिथेच इस्त्रीला होती. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला.

"ताई, कुठे आहेस?"

"कुठे असणार? खालीच." आवाज जड, ओढलेला. "आज काय झालंय कुणास ठाऊक, सगळ्याच पेंगताहेत. डोकं नुसतं ठणकतंय. जरा गाठोड्यांवर टेकलेय."

"घंटा?"

"कधीची गप्प आहे. तूच म्हणालास ना, गप्प झाली की काळजी नाही." ती सावकाश हसली. "काका तर भिंतीला टेकून झोपलेत. हाका मारल्या तरी उठत नाहीत. मालकांनी बघितलं तर काही खरं नाही."

"ताई, ऊठ! दार उघड! सगळ्यांना ओढत बाहेर काढ!"

"ओरडतोस काय असा..."

"ऊठ, ताई!"

त्याचा आवाज बाहेरच्या बोळापर्यंत गेला. तो तसाच फोन कानाला लावून, चपला न घालता जिना उतरला. बाई तोवर दुसऱ्या फोनवर अग्निशमन दलाला लाँड्रीचा पत्ता सांगत होत्या. तो दोनदा सांगावा लागला, कारण पहिल्या वेळी त्यांचेच शब्द एकमेकांत अडकले.

मग काही करण्यासारखं उरलं नाही. बाईंनी पाण्याचा पेला भरला आणि तसाच ठेवून दिला. खिडकीतून समोरच्या इमारतीत कुणीतरी शांतपणे खुर्च्या पुसत असलेलं दिसत होतं.

त्याचा फोन आला तेव्हा मागे गाड्यांचा भोंगा वाजत होता.

"बायका बाहेर आल्या. रस्त्याच्या कडेला बसल्यात, ओकताहेत. ताई बोलतेय माझ्याशी. काकांना दवाखान्यात नेलंय. ते अजून..."

फोन ठेवून त्यांनी डोळे मिटले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. आज परीक्षा पुरे, असं सांगायला त्या उठणार, तोच दार किलकिलं झालं. पुढच्या नंबरचा लिफ्टवाला डोकावला. गोदामांतल्या सामानाच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, अबोल, कामसू माणूस.

"मॅडम, वायरमनदादा असे धावत का गेले? प्रोग्राममध्ये काही बिघाड झाला का?"

"हो."

"नवल आहे. आमच्याकडे तर झकास चाललाय."

बाईंनी चष्मा उचलला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"तुमच्याकडे?"

"दादांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता ना. मी वजनाला वापरला. नव्वदच्या जागी नऊशे किलो केले, बाकी आहे तसाच. साडेनऊशे ठेवून बघितलं, लगेच ओरडली लिफ्ट."

"आणि हजार ठेवले तर?"

"ते कशाला बघायचं, मॅडम? साडेनऊशेला ओरडते म्हटल्यावर..."

"किती लिफ्टना बसवलाय?"

लिफ्टवाल्याने कौतुकाची अपेक्षा असावी तसं किंचित लाजून छताकडे बघितलं आणि तो बोटांवर मोजू लागला. एका हाताची बोटं संपली, तसा त्याने दुसरा हात वर घेतला.