हितेंद्रचा धाक

स्कूटर पंक्चरवाल्याच्या हवाली करून हितेंद्र पायीच देवपूरला घराकडे निघाला. पांझरेच्या पुलावर शेजारचे तोताराम नाना भेटले आणि स्वारीची पोपटपंची सुरू झाली.

"नाना, पोरांना बापाचा धाक पाहिजे. गल्लीत माझा हॉर्न वाजला की भाविका खेळणी उचलून, पुस्तक घेऊन बसते. साडेतीन वर्षांची पोर! घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"पोर तुनी भलती शानी शे, भाऊ," नाना म्हणाले आणि घर आल्यावर आपल्या फाटकात वळले. नातवाने धावत येऊन त्यांच्या पायांना मिठी मारली. हितेंद्रने नाक मुरडलं. लाडावून ठेवलंय नुसतं!

पाइपांच्या दुकानात मालकापुढे जो भिजल्या मांजरासारखा उभा राहायचा, त्याने घरी तरी वाघ व्हायला नको का? दिवसभरात त्याचं ऐकणार कोण, तर ही एवढीशी पोर. तेवढ्यावरच गड्याची सगळी ऐट. ती काय खाते, तिची वेणी कोण घालतं, दुपारी झोपते की नाही, याची बापाला गंधवार्ता नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून त्याच्या बायकोचा, कामिनीचा आवाज आला, "पीं पीं! पीं पीं!"

मग धावपळ, डब्यांचा खणखणाट, आणि भाविकाचा मुद्दाम जाड केलेला आवाज.

"पसारा कुणी केला? अं? दिवसभर करता काय दोघी?"

दोघी अशा खिदळल्या की पोरीला उचकी लागली.

"आई, आता तू पप्पा हो. पोट पुढे काढ ना!"

हितेंद्र चपला काढता काढता थबकला. आत जावं तर पंचाईत, न जावं तर घर त्याचंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. शेवटी मोठ्याने खाकरला.

आत चिडीचूप झालं. तो दार ढकलून आला तेव्हा भाविका मांडी घालून, मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. कामिनी कणीक मळत होती. मान खाली होती, खांदे मात्र हलत होते. जमिनीवर बाहुली, डबे, उशा तशाच पडलेल्या.

त्याने सवयीने छाती फुगवली.

"पसारा..."

भाविका ओठ गच्च मिटून, डोळे मोठे करून त्याच्या तोंडाकडे बघत होती. पुढचं सगळं तिला पाठ होतं.

"पाणी दे गं जरा," हितेंद्र कामिनीला म्हणाला, आणि पोट आत ओढून खुर्चीवर बसला.