झोक्यावर बसवलेली आई

मला रोकोको चित्रांचं, म्हणजे अठराव्या शतकातल्या त्या नटव्या फ्रेंच चित्रांचं, वेड आहे, हे आधीच कबूल करते. गुलाबी ढग, फुगलेले रेशमी झगे, झोक्यावर बसून इकडची काडी तिकडे न करणाऱ्या बायका. माझे चित्रकार मित्र नाकं मुरडतात. म्हणतात, नुसती साय, दूध कुठाय? मुरडू देत. मला सायच आवडते.

माझी ताई दातांची डॉक्टर. ती म्हणाली, "नव्या दवाखान्याचं छत रंगवून दे. पेशंटला आ करून वरच बघावं लागतं." मी हुरळून गेले. तीन आठवडे परांचीवर उताणी पडून रंगवलं. मान धरली, केसांत निळा रंग वाळला, पण मी सुखात होते. मधोमध झोक्यावर आईला बसवलं. जन्मभर लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री करत आलेली आई एकदाची बसून पाय हलवत होती. तिला ते आवडावं, बाकी कोणाची दाद मला नको होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिला पेशंटच्या खुर्चीत आडवं केलं. तिने बराच वेळ वर पाहिलं.

"गोड आहे गं," ती म्हणाली. "कोणाची मुलगी?"

माझं तोंड एवढंसं झालं. ताईने वर पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अगं शहाणे, तेवीस माणसं काढलीस आणि एकालाही दात नाहीत. तेही माझ्या दवाखान्यात."

खरंच होतं. सगळ्यांची तोंडं कळीसारखी मिटलेली. इतकी वर्षं मी या चित्रांवर जीव टाकला, पण त्यांत कोणी खदखदून हसत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आमची आई हसते तेव्हा आधी तिचा पुढचा तिरका दात दिसतो, मग आई.

मी तशीच रंग घेऊन शिडीवर चढले. "आई, हस."

"उगाच कशी हसू?"

ताईने खुर्चीची कळ दाबली. खुर्ची आईसकट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आई हसत सुटली, ताई हसत सुटली, आणि मी चित्रातलं मिटलेलं तोंड उघडून तो दात रंगवला. त्याबरोबर शेजारच्या रेशमी बायका एकदम खोट्या दिसायला लागल्या.

"ही मी," आई म्हणाली. मग हळूच, "पण तुझं चित्र बिघडलं ना गं?"

"बिघडलं. झोकाच पुसून टाकते, तुला नीट उभी काढते."

"नको," ती म्हणाली. "झोका राहू दे. मी जन्मात पहिल्यांदा बसलेय."