डाग न पडणारे रंग

माझी चैताली आजीबरोबर आठ दिवसांसाठी येणार म्हटल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर साड्यांचे गठ्ठे कपाटावर चढवले. लिंबायतच्या आमच्या एका खोलीत मी साड्यांवर स्टोन चिकटवते. डाग पडला की शेठ ती साडी माझ्या गळ्यात मारतो, म्हणून आमच्याकडे चहासुद्धा दारात उभं राहून पितात. याच कामापायी दहा महिन्यांची पोर पारोळ्याला माझ्या आईकडे ठेवली. आता ती अडीच वर्षांची झाली. ठरलं होतं असं, की या आठ दिवसांत रमली तर इथेच ठेवायची, नाहीतर आणखी एक वर्ष आजीकडे.

माझ्या आईला, उषाबाईला, सगळं घर 'माय' म्हणतं, म्हणून चैतालीही तिला मायच म्हणते. आणि मला? सगळे हाक मारतात तीच हाक. "योगिता, पानी दे!" माझा नवरा कुंदन हसून हसून लोळला. मला मेलीला हसू आलं नाही.

पोरीला चित्रांचं वेड आहे, असं माय फोनवर सांगायची. पण या घरात रंग म्हणजे घात. मग मी डोकं लढवलं. साडीच्या पारदर्शक पिशवीत लाल-पिवळा रंग घातला, तोंड पक्कं बंद केलं आणि पिशवी फरशीला चिकटवली. पोर वरून बोट फिरवायची, आत रंग पळायचे, बोट कोरडंच. रुंद चिकटपट्टी उलटी करून भिंतीवर लावली, तिच्यावर कापडाच्या चिंध्या चिकटवायला दिल्या. पण तिला सगळ्यात आवडलं ते पाणी. वाटीभर पाणी, एक ब्रश आणि आमची काळी फरशी. हत्ती काढायचा आणि तो वाळून गेला की "गया!" म्हणून टाळ्या पिटायच्या.

सहाव्या दिवशी ती आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी मी दोन तास हलले नाही. एवढ्याशा वजनासाठी मी किती तरसले होते, ते कुणाला सांगू! मनात म्हटलं, राहतेय माझी बाय.

सातव्या दिवशी अर्जंट माल आला. मी फिकट गुलाबी साडी पसरून बसले. स्टोनची पुडी घ्यायला वळले आणि बघते तर चैताली ब्रश घेऊन पदरावर वाकलेली. पदरावर मोठा ओला गोल, गोलात दोन डोळे.

"हाई योगिता," त्या गोलावर बोट ठेवून ती म्हणाली.

मी किंचाळले. तिच्या हातावर फटका मारला. ब्रश उडाला आणि पोर आजीच्या कुशीत घुसली.

"पानीच व्हतं ना व, योगिता," माय म्हणाली.

पाणीच होतं. मीच वाटीत भरून दिलेलं. ब्रश कुठेही फिरवला तरी चालतो, हे सहा दिवस मीच तिला शिकवलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त साडी दिसली. पोर माझं चित्र काढत होती आणि मी तिला मारलं.

नंतर ती माझ्या जवळ आली नाही. बिस्कीट दाखवलं, रंगांची पिशवी दाखवली. "माय, घर जानं शे," एवढंच. आठव्या दिवशी आम्ही दोघींना उधना स्टेशनवर गाडीत बसवलं. "पुढला साल दखू," माय खिडकीतून म्हणाली. पोरीने तोंड फिरवून घेतलं होतं.

घरी येऊन मी ती साडी उजेडात धरली. आजवर डाग सापडू नये म्हणून साड्या तपासत आले, त्या दिवशी सापडावा म्हणून पदर इंच इंच तपासला. एखादी कड, एखादा डोळा. काही नव्हतं.

संध्याकाळी शेठचा माणूस माल न्यायला आला. त्याने पदर दिव्याखाली फिरवला आणि खूश होऊन म्हणाला, "एकदम चोख्खी छे, योगिताबेन. एक डाघ नथी."

मला तिथेच रडू फुटलं. तो बिचारा गोंधळला आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "अरे, साची वात छे बेन, डाघ नथी."